पऱ्हाटी, ऊन आणि वारा : खान्देशच्या ऊर्जेचा हिशेब

भुसावळजवळच्या दीपनगरहून नागपूर-सुरत महामार्गाने पश्चिमेला निघाले, की दोनशे किलोमीटरच्या आत वीजनिर्मितीचे जवळजवळ सगळे प्रकार नजरेखालून जातात. दीपनगरला कोळशाचे केंद्र : ५०० मेगावॅटचे दोन संच, २१० मेगावॅटचा जुना संच आणि अलीकडे उभा राहिलेला ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संच. जळगावला गिरणेकाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. मग एरंडोल, पारोळा, धुळे आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, २०१३ साली सुरू झालेला. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या माळांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. आणि उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलच्या केळीबागा. या केळीच्या खोडापासून गॅस होईल, वीज होईल, असे दर काही वर्षांनी कुणीतरी उत्साहाने सांगत असते.

या प्रत्येक पर्यायाचा कैवारी ठरलेला आहे. पॅनेल विकणारा, पवनचक्की उभारणारा, पेलेटचे यंत्र बनवणारा, योजना राबवणारे खाते. प्रत्येकाकडे माहितीपत्रक असते आणि त्यातले आकडे सहसा खोटेही नसतात. ते दुसऱ्या कुठल्या तरी जागेचे असतात, एवढेच. ऊन, वारा आणि शेतातला काडीकचरा यांची किंमत मात्र त्या त्या जागी, त्या त्या ऋतूत मोजावी लागते. मोजणाऱ्याला काही विकायचे नसावे आणि तो दहा वर्षांनीही तिथेच असावा. या दोन्ही अटी पुऱ्या करणारी संस्था आपल्याकडे एकच आहे, ती म्हणजे विद्यापीठ.

सुरुवात मेगावॅटपासूनच करू, कारण बातम्यांत येणारा आकडा तोच असतो. १२५ मेगावॅट ही सौर प्रकल्पाची क्षमता, म्हणजे भर उन्हातली कमाल ताकद. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ धरली तर वर्षभरात अशा प्रकल्पाचा क्षमतावापर १८ ते २० टक्क्यांच्या आसपास राहतो. १८ टक्के धरले तर वर्षाला सुमारे २० कोटी युनिट होतात. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच ६५ टक्के क्षमतेने चालला, तर तो सुमारे २८५ कोटी युनिट देतो. क्षमता चौपट, वीज चौदापट. यावरून सौरऊर्जा कुचकामी ठरत नाही, कारण उन्हाला कोळशासारखे मालगाडीचे भाडे नाही आणि भारतीय कोळशासारखी शेकडा ३० ते ४० राखही नाही. पण मेगावॅटला मेगावॅट लावून केलेली तुलना निकालात काढायला हवी. युनिट किती, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला, हा खरा प्रश्न आहे.

खान्देशात ऊन भरपूर, म्हणून सौर वीज भरपूर, हे विधानही अर्धेच खरे आहे. पॅनेलला हवा असतो प्रकाश; उष्णता त्याचे नुकसान करते. पॅनेलवर छापलेली क्षमता मोजतात तेव्हा त्यातल्या सेलचे तापमान २५ अंश ठेवलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवेचा पारा ४३ ते ४५ अंशांवर असतो, तेव्हा उन्हात तापलेला सेल ७० अंशांपर्यंत जातो. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची ताकद दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते. ४५ अंशांच्या फरकाला १८ टक्के घट झाली. ५ किलोवॅटचे पॅनेल घेतलेल्या शेतकऱ्याच्या पंपाला वैशाखातल्या दुपारी, नेमकी केळीला पाण्याची सर्वांत जास्त गरज असताना, ४ किलोवॅटच्या थोडेच वर मिळते. नव्या जातीच्या पॅनेलमध्ये ही घट कमी असते. ती किती कमी आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे परवडते का, हे जळगावच्या उन्हातच तपासावे लागेल.

अशी तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली आहे. आयआयटी मुंबईत २०१० साली राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र सुरू झाले. तिथल्या संशोधकांनी २०१३ पासून देशभर फिरून, बसवून काही वर्षे झालेली पॅनेल तपासली. उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, थंड असे हवामानाचे विभाग केले. प्रत्येक ठिकाणी पॅनेलची प्रत्यक्ष ताकद मोजली, अवरक्त कॅमेऱ्याने जास्त तापलेले भाग शोधले, डोळ्यांना न दिसणाऱ्या सेलमधल्या भेगा विशेष छायाचित्रांत टिपल्या. निष्कर्ष उपयोगाचे निघाले : उष्ण विभागांतली पॅनेल थंड विभागांतल्यांपेक्षा लवकर म्हातारी होतात; छपरावरची आणि लहान संचांतली पॅनेल जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांतल्यांपेक्षा जास्त वेगाने क्षमता गमावतात. दुसऱ्या निष्कर्षाचे कारण निव्वळ हवामान नाही. छपरावरच्या पॅनेलला हवा कमी लागते, शिवाय लहान कामात माल निवडताना आणि हाताळताना हयगय होते. पंचवीस वर्षांच्या हमीवर कर्ज काढणाऱ्या माणसाला ही माहिती कोणता विक्रेता देणार होता? असे सर्वेक्षण एकदा करून भागत नाही. म्हणूनच ते २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये पुन्हा केले गेले.

वाऱ्याचा हिशेब आणखी नाजूक. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा ६ मीटर झाला, तर वेग २० टक्क्यांनी वाढला पण ताकद ७३ टक्क्यांनी. त्यामुळे वेगाच्या मोजणीतली छोटी चूक प्रकल्पाचे सगळे गणित बुडवू शकते. साक्रीच्या माळांवर वारा खरा जोर धरतो तो नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, जून ते सप्टेंबर. त्याच महिन्यांत ढगांमुळे सौर वीज घसरते. म्हणजे ही दोन्ही साधने एकमेकांची उणीव काही अंशी भरून काढतात. काही अंशी म्हणजे किती? त्यासाठी एकाच तालुक्यातल्या दोन्ही प्रकारच्या निर्मितीचे तासातासाचे आकडे शेजारी मांडून बघावे लागतात आणि त्यांच्याखाली शेतीपंपांची मागणी ठेवावी लागते. ही मागणी पावसाळ्यात फारशी नसते. ती रब्बीत आणि केळीला उन्हाळ्यात असते. वारा वाहतो तेव्हा पंप बंद आणि पंप सुरू होतो तेव्हा वारा पडलेला. साक्री तालुक्याएवढी चांगली प्रयोगशाळा या प्रश्नासाठी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आता केळीचे खोड. घड कापला की खोड उरते, हेक्टरी साधारण ६० ते ८० टन. ढीग डोळ्यांत भरतो आणि एवढे इंधन वाया जाते याची चुटपुट लागते. पण केळीच्या खोडात शेकडा ९० ते ९३ भाग पाणी असते. एक टन ओले खोड घेतले तर त्यात सुमारे ९२० किलो पाणी आणि ८० किलो कोरडा माल. हे पाणी वाफेने घालवायला किलोमागे ६१० किलोकॅलरीच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण साडेपाच लाखांहून जास्त. उरलेला ८० किलो माल जाळून मिळतात सुमारे पावणेतीन लाख. मिळकतीच्या दुप्पट खर्च! कोणतेही यंत्र, कोणतेही अनुदान हा तोटा भरून काढू शकत नाही. उन्हात वाळवायचे म्हटले तर जागा, मजुरी आणि दिवस मोजायला हवेत. ओल्या मालाचे काम आगीपेक्षा जिवाणूंवर सोपवणे शहाणपणाचे, म्हणजे बायोगॅस. पण खोडातला धागा गॅस संयंत्रात गुंततो आणि सहज कुजत नाही, म्हणून आधी बारीक करणे आले, त्याला पुन्हा वीज आली.

तापी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला, दक्षिण गुजरातेत, नवसारी कृषी विद्यापीठाने याच खोडावर अनेक वर्षे काम केले. त्यांनी खोडातून धागा काढला, उरलेल्या रसापासून ‘नोव्हेल’ नावाचे द्रवरूप सेंद्रिय खत बनवले, गाभ्यापासून खाण्याचे पदार्थही करून पाहिले. संशोधनाने इथे फार मोठी कामगिरी बजावली असे मी मानतो. खोडाचा फायदेशीर उपयोग इंधनाखेरीज दुसरीकडे असू शकतो, हे त्याने दाखवले. ऊर्जेच्या पर्यायांच्या मूल्यमापनात ‘ही वस्तू जाळू नका’ हेही एक उत्तर असते आणि ते द्यायला धारिष्ट लागते.

पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या कपाशीच्या काड्यांचे, तसे नाही. ती शेतातच वाळते आणि जळते उत्तम. किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते, म्हणजे आपल्या कितीतरी औष्णिक केंद्रांत जाणाऱ्या कोळशाच्या तोडीची, आणि राख त्याच्या मानाने नगण्य. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. एकट्या जळगाव जिल्ह्यात कपाशीखाली सुमारे ५ लाख हेक्टर क्षेत्र असते. कागदावर १० लाख टनांचा साठा झाला. केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना कोळशात ठरावीक टक्के जैविक पेलेट मिसळणे बंधनकारक केले आहे. २०२१ च्या धोरणात सुरुवात ५ टक्क्यांपासून होती. १,००० मेगावॅटला वर्षाकाठी ४० ते ५० लाख टन कोळसा लागतो असे ढोबळमानाने धरले, तर दीपनगरसारख्या केंद्राला साडेतीन लाख टनांहून जास्त पेलेट हवेत. केंद्र शेजारी, कपाशी शेजारी, माल कागदावर दुपटीहून जास्त. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण आकाराची. सुटी पऱ्हाटी म्हणजे निम्मी हवा. ट्रॉली भरलेली दिसते पण वजन भरत नाही. दाबून पेलेट केले की घनमीटरला ६०० किलोच्या वर माल बसतो, पण त्याआधी ती उपटणे, गोळा करणे, तुकडे करणे, वाहणे हे सगळे फेब्रुवारी-मार्चच्या थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. किती किलोमीटरपलीकडून आणलेली पऱ्हाटी स्वतःच्या डिझेललाच खाऊन टाकते, हा अभ्यास गावरस्त्यांच्या नकाशावर बसून करावा लागतो. दुसरी अडचण बॉयलरमध्ये. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश जास्त, ती कमी तापमानाला वितळून नळ्यांवर चिकटू शकते. शिवाय धागेदार पेलेट कोळशाच्या गिरणीत नीट दळला जात नाही, म्हणून तो आधी प्राणवायूशिवाय अडीचशे-तीनशे अंशांवर भाजून घेण्याची पद्धत आहे. त्यात पुन्हा ऊर्जा आणि पैसा आला.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पऱ्हाटी ही मालक नसलेली वस्तू नाही, तिच्यावर आधीच अनेकांचा हक्क आहे. शेतमजुराच्या घरची चूल तिच्यावर पेटते. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर घरात असले तरी पैसे नसतील त्या महिन्यात बाई पऱ्हाटीच आणते, आणि ती फुकट मिळते. जमिनीलाही ती हवी आहे : यंत्राने बारीक करून मातीत मिसळली तर सेंद्रिय कर्ब वाढायला मदत होते. मुंबईत माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिची सुरुवात १९२४ मधली, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले. म्हणजे फर्निचरवाल्याचाही दावा आहे. मुंबईच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राने शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची पद्धत बसवली. उलट बाजूला गुलाबी बोंडअळी आहे. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात कपाशीचा जो घात केला, त्यानंतर फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवरचे दुसरे पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर साठवू नका, असे कृषी विद्यापीठे वारंवार सांगत आली आहेत, कारण वाळक्या बोंडांत अळी मुक्काम करते. पेलेटसाठी पऱ्हाटी लवकर उचलली गेली तर हा फायदाच आहे. पण कारखान्याच्या आवारात चार महिने तिची थप्पी लागली तर आसपासच्या शेतांचे काय?

एका काडीसाठी ऊर्जा अभियंता, मृदाशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ आणि चुलीपाशी बसून बोलू शकणारा समाजशास्त्राचा अभ्यासक असे चौघे लागतात. हे चौघे एका आवारात फक्त विद्यापीठात असतात. (ते एकमेकांशी बोलतात का, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे.)

मोजमाप न करता धावले तर काय होते, हे मोगली एरंडाने, म्हणजे जट्रोफाने, दाखवले. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलसाठी पडीक जमिनीवर त्याची प्रचंड लागवड सुचवली. पाणी लागत नाही, जनावर खात नाही, माळावर वाढते असा प्रचार झाला. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य होते. झाड माळावर जगते हे खरेच होते. पण जगणे आणि भरपूर बी धरणे यांत अंतर आहे. बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेतले शरच्चंद्र लेले आणि बार्सिलोनाच्या विद्यापीठातले पेरे अरीझा-माँतोबियो यांनी तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष शेतांवर अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. उत्पन्न अपेक्षेच्या कितीतरी खाली होते, पाणी दिलेल्या शेतातही ते परवडत नव्हते, आणि अन्नधान्याची जमीन अडकून पडली होती. अभ्यास चोख होता, पण तोवर लागवड होऊन गेली होती.

उलट क्रमाने केलेल्या कामाचा आदर्श बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत आहे. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये तिथे ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू केला. त्या काळात त्यांनी एक गाजलेली तुलना मांडली : कोळशावर चालणारा एक मोठा खतकारखाना की तेवढेच नत्र देणारी २६,१५० बायोगॅस संयंत्रे? भांडवल जवळजवळ सारखे, पण कारखान्यात १,००० नोकऱ्या तर संयंत्रांत १,३०,७५०. कारखाना ऊर्जा खाणार, संयंत्रे ऊर्जा देणार. इथे थांबले असते तर तो एक सुंदर लेख ठरला असता. पण गट तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात जाऊन बसला. कोण किती सरपण आणते, पाण्यासाठी किती चालते, किती तास जातात, हे घरोघर मोजले. गावातल्या ऊर्जेचा बहुतांश भाग सरपणातून येतो आणि ते आणण्याचा भार बायका-मुलांवर पडतो, हे आकड्यांनी पुढे आले. सामुदायिक बायोगॅसवर स्वयंपाकाचा बेत केला तेव्हा शेण पुरेना. मग १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी आणि दिवे दिले गेले, कारण गावाला आधी पाणी हवे होते. माणसे तिथे टिकून राहिली, म्हणूनच चुकलेला बेत दुरुस्त करता आला.

खान्देशात आज अशाच टिकून राहण्याची तातडीची गरज सौर पंपांपाशी आहे. रात्रीच्या पाळीत साप-बिबट्याच्या भीतीने बारे देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही साधी सुटका नाही, मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ पासूनची पीएम-कुसुम यांतून ती येते आहे. पण रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. पंप एकदा बसला की पुढच्या प्रत्येक तासाचा उपसा फुकट असतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने संशोधकांच्या मदतीने दुसरी वाट काढली : पंपाला नको तेव्हाची सौर वीज ते वीज कंपनीला विकू लागले. मग पाणी न उपसण्यालाही भाव आला. ती व्यवस्था यावलच्या केळीला लागू पडेल का? केळी वर्षभर तहानलेली असते, विकायला वीज उरेलच असे नाही. ठिबक आणि ढुंडीची पद्धत एकत्र आणली तर? विहिरींच्या पातळीची नोंद ठेवल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही.

जमिनीचा हिशेब तर सर्वांत कठोर. शिंदखेडा तालुक्यात विखरण-मेथीची जमीन औष्णिक प्रकल्पासाठी घेतली गेली. मोबदल्याच्या अन्यायाने पिचलेल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. साक्रीत पवनचक्क्या वनजमिनीवर चढल्या तेव्हा ती कसणाऱ्या आदिवासींचा प्रश्न उभा राहिला. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे चार-पाच एकर लागतात. त्या एकरांवर आधी कुणाची गुरे चरत होती, कोणती झाडे होती, विहीर कुणाची होती, हे युनिटच्या दरात कुठेही दिसत नाही. कोळसा असो की ऊन, हा रकाना भरायचा राहून जातो. तो भरणारा अभ्यास प्रकल्पाच्या आधी व्हायला हवा.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी पुण्यापासून वेगळे झाले ते याच भागाचे प्रश्न याच भागात हाताळण्यासाठी. त्याच्या आवारात रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, पर्यावरण आणि भौतिक विज्ञानाच्या शाखा आहेत. त्याहून मोठे बळ म्हणजे रावेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, साक्री इथली महाविद्यालये, जिथली बरीच मुले शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरची आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक जण प्रकल्प करतो, गुण मिळतात आणि वही कपाटात जाते. त्याऐवजी सगळ्यांनी एकच तक्ता भरला तर? यावलच्या मुलीने गावातल्या दहा विहिरींची पातळी आणि सौर पंपाचे तास, साक्रीच्या मुलाने पॅनेलचे तापमान आणि धूळ, पारोळ्याच्या मुलीने कपाशीच्या वीस शेतांतली पऱ्हाटी कुठे गेली त्याची नोंद. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच शेते, त्याच विहिरी. विद्यापीठाने गिरणेकाठी वेगवेगळ्या जातींची पॅनेल उघड्यावर ठेवून त्यांची घट दरवर्षी जाहीर करावी. ज्या यंत्राचा, ज्या योजनेचा निकाल वाईट आला तोही मराठीत छापावा. आणि प्रकल्पाला ज्याने पैसा दिला त्याचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे पेलेटची निविदा निघेल त्या दिवशी मुक्ताईनगरचा शेतकरी, दीपनगरचा अभियंता आणि पऱ्हाटी वेचणारी मजूर बाई यांच्यासमोर एकच आकडे असतील.